६० सेंटिमीटरची काठी

सात फुटी, दोन तुकड्यांचा रॉड मोडून ठेवला की साडेतीन फुटांच्या वर भरतो. कोकणकन्येत खालचा बर्थ असेल तर तो बर्थखाली भिंतीलगत सरकवता येतो, फक्त सामान ओढताना कुणी त्यावर बॅग आपटत नाही ना एवढं बघायचं. एसटीत फळीवर आडवा टाकता येतो, पण घाटातल्या वळणांवर तो खाली येतो आणि खाली कुणाचं तरी डोकं असतं. मोटरसायकलवर पाठीला बांधला तर मागे बसणाऱ्याची पंचाईत. विमानात तर त्याचं नावच काढायला नको. म्हणूनच ‘ट्रॅव्हल रॉड’ हवा असं वाटायला लागतं, माणूस दुकानात जातो आणि दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो, ‘सगळ्यात लहान घडी होणारा कुठला?’

प्रश्न इथेच चुकतो. सगळ्यात लहान कशाला हवा? आपल्या पिशवीत मावेल एवढा पुरतो. देशांतर्गत विमानात हातातल्या बॅगेला साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरची मर्यादा असते. ५५ आणि ३५चा कर्ण काढला तर ६५ सेंटिमीटर येतो. बॅगेचं अस्तर, चेन आणि गोलसर कोपरे वजा केले की हाताशी ६० उरतात. पाठीवरच्या चाळीस-पन्नास लिटरच्या सॅकमध्येही उभा रॉड तेवढाच नीट राहतो. त्याहून लांब असेल तर टोक बाहेर येतं आणि रिक्षाच्या दारात अडकतं. तेव्हा मापाची पट्टी ६०वर धरायची आणि त्याच्या आत जो सर्वांत चांगला रॉड बसेल तो घ्यायचा. घडी ३८ सेंटिमीटरची असली म्हणून ५७वाल्यापेक्षा कुठला जास्त मासा लागत नाही. उलट त्या १९ सेंटिमीटरांची किंमत पाण्यावर पोचल्यावर मोजावी लागते.

बाजारात ट्रॅव्हल रॉड म्हणून समोर येतो तो बहुधा टेलिस्कोपिक. एकात एक सरकणाऱ्या नळ्या. रीळ, दोरा, पाच-सहा ल्युअर, म्हणजे नकली आमिषं, आणि झिपवाली पिशवी असा सगळा संच हजार-दीड हजारात मिळतो, त्यामुळे बहुतेकांची सुरुवात त्यानेच होते. यात गैर काही नाही. पण तो चालतो कसा हे कळलं तर कुठे चालणार नाही हेही कळतं.

टेलिस्कोपिकमध्ये आटा नाही, खिट्टी नाही, कुलूप नाही. प्रत्येक नळी खालून जाड आणि वर निमुळती. आतली नळी बाहेर ओढली की तिचा जाड बुंधा बाहेरच्या नळीच्या अरुंद तोंडात पाचरीसारखा अडकतो. निव्वळ घर्षणावर सगळा डोलारा उभा असतो. ओढ कमी पडली तर फेक मारताना नळी सटकन आत येते आणि जास्त ओढली तर परत आत जाता जात नाही. त्यात रॉड समुद्रावर असेल तर त्या पाचरीत खारं पाणी शिरतं, पाणी वाळून मीठ राहतं आणि मिठाबरोबर वाळूही. काचकागदाने घासावं तशी ती वाळू दोन्ही पृष्ठभाग खाते.

मालवणच्या जेट्टीवर हे जवळून बघायला मिळालं. कोल्हापूरकडून आलेला एक तरुण आठ फुटी टेलिस्कोपिक घेऊन उभा होता. रॉड मऊ पुळणीवर टेकवून त्याने आधी फोटो काढले होते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ प्लास्टिकच्या बाटलीवर गुंडाळलेलं तंगूस सोडत बसले होते. त्यांनी रॉडकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “ह्यां काय रे? रेडिओचो एरियल?” पोरगा हसला. तासाभराने त्याचं हसू गेलं, कारण निघायची वेळ झाली आणि खालून तिसरी नळी आत जाईना. त्याने जे केलं ते सगळेच करतात. दोन्ही हातांनी धरून पिळायला लागला. पिळल्याने नळीच्या तंतूंवर तिरका ताण येतो आणि पातळ भिंतीला उभी चीर जाते. त्याला थांबवलं, जवळच्या पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचे दोन वीतभर तुकडे आणले, सांध्याच्या वर एक आणि खाली एक गुंडाळला, दोन्ही मुठी शक्य तितक्या जवळ ठेवल्या आणि फक्त सरळ रेषेत दाबलं. चौथ्या-पाचव्या दाबाला ‘टक्’ झालं आणि नळी गेली. आत घरंगळणाऱ्या वाळूचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू येत होता. घरी जाऊन खालचं बूच उघडून सगळ्या नळ्या बाहेर काढ, गोड्या पाण्याने धू, असं त्याला सांगितलं, तर बुचाला आटाच नव्हता. ते चिकटवलेलं होतं. टेलिस्कोपिक घेताना बघायची पहिली गोष्ट हीच: तळाचं बूच फिरवून उघडतं की नाही. उघडत नसेल तर तो रॉड समुद्रासाठी नाही.

म्हाताऱ्यांनी त्या अवधीत तीन शेंगट्या आणि एक गोबरा काढला होता. काठी का वापरत नाही असं विचारल्यावर म्हणाले, “माका काठी कित्याक व्हयी? हात आसा मां.” त्यांच्या जागी ते बरोबरच होतं. जेट्टीच्या भिंतीखाली सरळ खोल पाणी असेल, मासा पायाखाली असेल, तर बाटलीवरचं तंगूस, शिशाचा गोळा आणि गरी यापेक्षा सुटसुटीत साधन नाही. खिशात मावतं, विमानात मावतं आणि रुपये शंभराच्या आत होतं. कोकण-गोव्यात गरवणारी कितीतरी माणसं आजही अशीच गरवतात. काठी लागते ती दोन कारणांसाठी: आमिष लांब टाकायला आणि मोठ्या माशाचे झटके दोऱ्याआधी स्वतःवर घ्यायला. ही दोन्ही कामं काठीच्या वाकण्यातून होतात. त्यामुळे प्रवासी रॉडचा कस त्याच्या घडीत नसून वाकण्यात लागतो, आणि टेलिस्कोपिक मागे पडतो तो इथे. त्यात दोऱ्याच्या कड्या, म्हणजे गाइड, प्रत्येक नळीच्या तोंडाशीच बसवाव्या लागतात, मधे बसवता येत नाहीत. साध्या सात फुटी रॉडवर गाइडांची जागा ब्लँकच्या, म्हणजे रॉडच्या नुसत्या नळीच्या, वाकण्याप्रमाणे ठरवलेली असते, टोकाकडे दाट आणि खाली विरळ. टेलिस्कोपिकमध्ये जागा नळ्या ठरवतात. मग मासा जोर लावतो तेव्हा दोरा एका गाइडापासून दुसऱ्यापर्यंत सरळ ताणला जातो, ब्लँक मात्र वाकतो, आणि ताण काही ठिकाणी एकवटतो. टिप मोडल्याच्या तक्रारी टेलिस्कोपिकबद्दल जास्त ऐकू येतात त्याचं एक कारण हे. दुसरं कारण म्हणजे टिप उघडताना तिरकी ओढणं. नळ्या उघडताना सुरुवात नेहमी टोकापासून करायची, एकेक गाइड रेषेत आणत खाली यायचं.

दुसरा मार्ग तुकड्यांचा: चार तुकडे, कधी पाच. सात फुटांचा चार तुकड्यांचा रॉड घडी केल्यावर ५६-५७ सेंटिमीटर होतो, म्हणजे आपल्या साठीत बसतो. आठ फुटी चार तुकड्यांत ६४च्या आसपास जातो, तो सॅकमध्येही नीट राहत नाही आणि केबिन बॅगेतही नाही. त्यासाठी पाच तुकडे हवेत. फ्लाय फिशिंगचा नेहमीचा नऊ फुटी चार तुकड्यांत ७० ओलांडतो. हा हिशेब कॅटलॉगवर विसंबून करू नये. दुकानात टेप घेऊन जावं आणि मुठीचा तुकडा मोजावा, कारण लांब तोच असतो आणि छापलेल्या आकड्यात तळाचं रबरी टोपण कधी धरलेलं नसतं.

तुकड्यांच्या रॉडबद्दल जुन्या गरवणाऱ्यांच्या मनात अढी आहे. जितके सांधे जास्त तितका रॉड बेजान, असं ते सांगतात. ही अढी उगाच आलेली नाही. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या मुलकी अधिकाऱ्याने ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं ते १८७३ साली. त्या काळचे साहेब बैलगाडी, घोडा आणि डाकबंगला असा प्रवास करत आणि त्यांच्या लाकडी किंवा बांबूच्या काठ्या तुकड्यांच्याच असत. सांधे मात्र धातूचे. ब्लँक वाकायचा, सांधा वाकायचा नाही. त्यामुळे काठीत ठरावीक अंतरावर ताठ, जड गाठी असायच्या. पुढे उत्तम काठ्या चिरलेल्या बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून होऊ लागल्या, आणि त्यासाठीचा नामांकित बांबू दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातून यायचा. १९५०मध्ये कोरियन युद्धामुळे अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि तो बांबू तिकडे मिळेनासा झाला. १९४०च्या दशकातच आलेल्या काचतंतूंच्या, म्हणजे फायबरग्लासच्या रॉडला त्यामुळे मोकळं रान मिळालं. फायबरग्लास दणकट पण जड. खरा फरक पडला कार्बनने. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये विमानांसाठी मजबूत कार्बन तंतू तयार झाले, आणि १९७३मध्ये अमेरिकेतल्या फेनविक कंपनीने कार्बनचा, त्यांच्या भाषेत ग्राफाइटचा, रॉड बाजारात आणला. कार्बनची नळी हलकी, आणि सांध्याला धातू लावायची गरज उरली नाही. नळीच नळीवर बसवता येऊ लागली आणि सांधा ब्लँकबरोबर वाकू लागला. आज बऱ्या बनावटीचा चार तुकड्यांचा रॉड हातात दिला आणि डोळे मिटून फेकायला सांगितलं, तर तो दोन तुकड्यांचा की चारचा हे फार थोड्यांना ओळखता येईल.

सांधे दोन तऱ्हांचे. एकात वरच्या तुकड्याचं तोंड खालच्या तुकड्यावर टोपणासारखं बसतं. दुसऱ्यात खालच्या तुकड्यातून एक वेगळी खुंटी वर येते आणि वरच्या तुकड्यात शिरते. याला स्पिगॉट म्हणतात. नवा स्पिगॉटवाला रॉड जोडला तर दोन तुकड्यांमध्ये अर्धा-एक सेंटिमीटर खुंटी उघडी दिसते आणि गिऱ्हाईक म्हणतं, हा नीट बसत नाही, दुसरा दाखवा. ती फट मुद्दाम ठेवलेली असते. वापराने खुंटी झिजते तसे तुकडे जवळ येतात. फट पूर्ण मिटली की सांध्याचं आयुष्य संपलं. वापरलेला रॉड विकत घेताना हे जरूर बघावं.

तुकड्यांचा रॉड मोडतो तो बहुतेक वेळा सांधा सैल झाल्याने. तासभर फेकत राहिलं की वरचा तुकडा केसभर वर सरकतो, आपल्याला कळत नाही, आणि पुढच्या जोरदार फेकीत सगळा ताण नळीच्या ओठावर येऊन तो उभा तडकतो. म्हणून अधूनमधून सांधे चाचपायचे. जोडताना गाइड पाव फेरा बाजूला धरून बसवायचा आणि दाबत दाबत रेषेत आणायचा. देवघरातल्या मेणबत्तीचा तुकडा सांध्याच्या आतल्या भागावर हलकेच फिरवला तर सांधा सुटतही नाही आणि चिकटतही नाही. तेल किंवा ग्रीस मात्र लावू नये, वाळू त्याच्यावरच येऊन बसते.

आता मासा. रॉडवर मुठीच्या वर बारीक अक्षरांत फेकीचं वजन छापलेलं असतं: ५–१५ ग्रॅम, १०–३० ग्रॅम, २०–६० ग्रॅम. ‘मिडियम’, ‘मिडियम हेवी’ ही विशेषणं प्रत्येक कंपनी आपल्या मनाने लावते. ग्रॅमचा आकडा त्यातल्या त्यात खरा. कोकणातल्या खाड्यांत जिताडा, तांबोसा यांच्यामागे जायचं तर सात ते आठ फुटी, १०–३० ग्रॅमचा रॉड, ३०००-४००० नंबरचं रीळ आणि विणलेला दोरा एवढ्यावर रत्नागिरीपासून तेरेखोलपर्यंत निभावतं. तांबोसा आमिष तोंडात धरून सरळ खडकात किंवा तिवरांच्या मुळांत घुसतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत त्याला वळवला नाही तर दोरा घासून तुटतो. तिथे लेचापेचा टेलिस्कोपिक कामाचा नाही. खडकांवरून लाटेपलीकडे फेकायचं असेल तर नऊ-दहा फूट लागतात आणि मग साठीचा हट्ट सोडून देऊन रॉड चेक-इन करावा. उलट पुळणीवर मुडदुशी गरवायला, पुलावरून काळुंदर काढायला ५–१५चा हलका रॉड असला की मजा येते.

देशावरचं गणित वेगळं. उजनीच्या फुगवट्यावर चिलापी मिळते, ती पावशेर-अर्ध्या शेराची. तिला रीळसुद्धा लागत नाही. जपानमधल्या डोंगरी ओढ्यांवर तेनकारा नावाची पद्धत आहे: टेलिस्कोपिक काठी, टोकाला बांधलेला ठरावीक लांबीचा दोरा, पुढे कृत्रिम माशी, बस्स. २००९मध्ये तेनकारा यूएसए ही कंपनी निघाली आणि ती पद्धत जपानबाहेर पसरली. साडेतीन-चार मीटरची ही काठी मिटली की ५०-५५ सेंटिमीटर होते आणि वजन १०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे टेलिस्कोपिकवर मघापासून जी टीका चालली आहे तिला हा सणसणीत अपवाद. कारण साधं आहे. तेनकाराला गाइडच नाहीत, म्हणून ते चुकीच्या जागी असण्याचा प्रश्न नाही. पाणी गोडं, मासा लहान, आणि बूच उघडून नळ्या धुता येतात. आपल्याकडे पोरं ओढ्यावर बांबूच्या काठीला दोरा बांधून गरवतात ते तत्त्वतः हेच. मोठा मासा लागला तर दोरा सोडायची सोय नाही, म्हणून शेवटचा हातभर दोरा मुद्दाम कच्चा ठेवायचा. तो तुटेल, काठी वाचेल. धरणावर बसण्याआधी तिथल्या मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते विचारून घ्यावं. ठेका बहुधा एखाद्या मच्छीमार सोसायटीकडे असतो आणि विचारणाऱ्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

महसीरचं नाव काढल्याशिवाय असा लेख कुणी सोडत नाही, म्हणून थोडक्यात. १९४६मध्ये कबिनी नदीत मैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने १२० पौंडांचा महसीर धरला, तो आकडा अजून सांगितला जातो. आपल्या महसीरचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने १८३९मध्ये केलं ते पुण्याजवळच्या नदीतल्या माशावरून, आणि त्याच जातीची पिल्लं टाटा पॉवरच्या लोणावळ्याच्या वळवण केंद्रात वाढवली जातात. अशा माशासाठी घडीचा रॉड मिळतो, पण आधी पाणी कुणाच्या हद्दीत आहे ते बघावं. अभयारण्यात गळ टाकणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. कावेरीवरच्या भीमेश्वरीसारख्या नावाजलेल्या कॅम्पांवरचं गरवणं त्यातूनच बंद पडलं. हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी मत्स्यविभागाचा परवाना काढावा लागतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी विणीच्या हंगामात बंदी असते. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात आली की मराठी पर्यटक रॉड घेऊन नेमका तेव्हाच तिथे पोचतो.

मुलाकडे ऑकलंडला किंवा सिडनीला चार महिने राहायला जाणारे आईवडील आता घरोघरी आहेत, आणि त्यातले बरेच वडील सामानात रॉड टाकतात. न्यूझीलंडला वापरलेलं मासेमारीचं सामान उतरल्यावर जाहीर करावं लागतं आणि ते स्वच्छ, कोरडं असावं लागतं. परक्या पाण्यातलं शेवाळ आपल्या नद्यांत येऊ नये म्हणून ते लोक फार काटेकोर आहेत. नदीत शिरताना घालायच्या बुटांना नमद्याचा तळ लावायला तिथे २००८पासून बंदी आहे. समुद्रात हौसेने गरवायला परवाना लागत नाही, ट्राउटला लागतो. सिडनीत मात्र दोन्हीकडे फी भरावी लागते. आपल्या विमानतळावरचा नियम सोपा: गऱ्या, ल्युअर, सुरी, पक्कड हे सगळं चेक-इन सामानात. नुसता रॉड केबिनमध्ये जाऊ द्यायचा की नाही हे तपासणीवरच्या माणसावर असतं, म्हणून तो चेक-इन करायची वेळ येईल असं धरूनच बांधावा. कापडी पिशवी पुरत नाही. हार्डवेअरच्या दुकानात अडीच इंची पीव्हीसी पाइप मापाने कापून मिळतो, दोन बाजूंना टोपणं बसवायची, तळाला स्पंज. महागड्या ट्यूबपेक्षा हा पाइप जास्त मार सोसतो.

आणखी एक, जे पाकिटावर मराठीत छापलेलं नसतं. कार्बन विजेचा वाहक आहे. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२मध्ये पूर्ण झालं, आता तिथल्या रुळांवर २५ हजार व्होल्टची तार आहे. फलाटावर किंवा रुळांजवळच्या खाडीकाठी हौसेने रॉड उघडून दाखवू नये, आणि वळीव गरजायला लागला की काठी खाली ठेवून आडोशाला जावं.

दुकानात शेवटची तपासणी करताना लोक टिप हातात धरून वाकवतात आणि दुकानदाराचा जीव वरखाली होतो, ते रास्तच आहे. टिप अशी वाकण्यासाठी बनवलेलीच नसते. रॉड पूर्ण जोडा, दोरा सगळ्या गाइडांतून ओवा आणि दुसऱ्याला तो हळूहळू ओढायला सांगा. बाजूने बघितलं तर वळण एकसंध दिसलं पाहिजे. सांध्याजवळ सपाट किंवा कोनात मोडलेलं दिसलं तर तो रॉड परत करा. प्रत्येक गाइडाच्या आतल्या कडीवरून कापसाचा बोळा फिरवा. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण कापसाचे धागे तिच्यात अडकतात, आणि तशी कडी विणलेला दोरा दोन दिवसांत कापून टाकते. रीळ बसवून बघा, नुसता रॉड हातात हलका वाटण्याला अर्थ नाही. तीन-चार हजारांपासून चार तुकड्यांचे कामचलाऊ रॉड मिळतात. त्याच पैशात दोन टिपा देणारा एखादा मिळाला तर डोळे झाकून घ्या, कारण प्रवासात जाते ती टिपच, आणि सुटी टिप हा आपल्याकडे दुर्मीळ जिन्नस आहे. मुंबईतल्या एका जुन्या दुकानात माझ्या समोर एकाने आपल्या रॉडची सुटी टिप मागितली. काउंटरमागच्या शेठनी चष्मा वर केला, तोच रॉड फळीवरून नवा काढला आणि म्हणाले, “आहे ना. ही काय, याच्या टोकाला.”